पार्सलातून आलेले फुटके यंत्र

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. सकाळी आठच्या सुमारास दवाखान्यासमोर ऑटो थांबला आणि आमच्या कंधारातलेच एक निवृत्त गुरुजी दोघांच्या खांद्यांवर हात टाकून आत आले. वय पंचाहत्तरीच्या आसपास. पहाटे बाथरूमकडे जाताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि उंबरठ्यावर पडले. उजवे मनगट सुजून वाकडे झालेले. हाड मोडले आहे हे सांगायला एक्स-रेची गरज नव्हती. पण माणूस पडला का, हे आधी पाहायचे असते. म्हणून रक्तदाब मोजला. ९४/६० भरला.

गुरुजींचा रक्तदाब गेली आठ वर्षे एका गोळीवर ठीक चाललेला. मी विचारले, "गुरुजी, गोळी किती घेतली?"

"तुम्ही एक सांगितली होती. पण घरचे मशीन रोज एकशे सत्तर-ऐंशी दाखवत होते. म्हणून चार दिवसांपासून दोन घेत होतो. काल रात्री भीती वाटली, तीन घेतल्या."

काकू मागून म्हणाल्या, "म्या म्हणलं, डाक्टरसाहेबाला इचारा. ऐकतेत का माझं?"

मशीन मागवून घेतले. पुण्याला नोकरीस असलेल्या मुलाने ऑनलाइन मागवून थेट कंधारच्या पत्त्यावर पाठविलेले. पार्सल आले तेव्हाच खोके एका बाजूने चेपलेले होते. मशीनचा एक कोपरा तडकलेला आणि हलविले की आत काहीतरी खुळखुळ वाजायचे. पण बटण दाबले की आकडे दिसत होते. मुलाने हौसेने पाठविलेली वस्तू, तिच्यात खोट काढायची कशाला, म्हणून कोणी बोलले नाही. खोके बंबात गेले.

ते यंत्र मी माझ्याच दंडाला लावले. माझ्या जुन्या पाऱ्याच्या यंत्रावर १२८/८२, गुरुजींच्या यंत्रावर १६१/९७. पाच मिनिटे थांबून पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा मोजले. प्रत्येक वेळी तीसहून अधिक फरक.

आता न लपवता सांगायचे ते सांगतो. हेच यंत्र घेऊन गुरुजी महिनाभर आधी माझ्याकडे आले होते. दवाखान्यात गर्दी होती. मी वरवर पाहिले आणि "वापरा की, काही हरकत नाही" म्हणून त्यांना वाटेला लावले. दोन मिनिटे काढून दोन्ही यंत्रांवर मोजले असते तर गुरुजींचे मनगट आज शाबूत असते.

वाचक म्हणतील, आरोग्याच्या सदरात हे ऑनलाइन खरेदीचे काय काढले? कारण असे की हल्ली प्रत्येक दुसऱ्या पेशंटच्या घरी अशा मार्गाने आलेली एखादी तरी वैद्यकीय वस्तू असते. शर्ट फाटका आला तर मनस्ताप होतो, तेवढ्यावर भागते. रक्तदाबाचे किंवा साखरेचे यंत्र बिघडलेले आले तर त्याच्या आकड्यावर माणूस गोळ्या कमी-जास्त करतो.

बॅटरीवर चालणारे हे यंत्र आमच्यासारखे आवाज ऐकून दाब मोजत नाही. दंडावरच्या पट्ट्यात हवा भरली की आतून वाहणाऱ्या रक्ताच्या ठोक्यांमुळे त्या हवेला बारीक हादरे बसतात. ते हादरे एक नाजूक भाग टिपतो आणि ठराविक हिशेबाने वरचा व खालचा आकडा काढतो. म्हणजे आकडा दिसणे आणि आकडा खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्र आदळले, नळीला चीर गेली, पट्ट्याची पिशवी कुठे सुटली, तरी पडद्यावर काहीतरी उमटतेच. सरळसरळ बंद पडलेले यंत्र बरे म्हणायचे, निदान ते फसवीत तरी नाही. पट्टा लहान पडला तरीही आकडा वाढीव येतो, मग यंत्र कितीही नवे असो. बहुतेक पट्टे २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतात. जाड दंडाच्या माणसाने मोठा पट्टा मागवावा.

साखर मोजण्याच्या पट्ट्यांचे याहून अवघड. त्यांना ऊन आणि ओल दोन्ही सोसत नाहीत. डबीवर किती तापमानात ठेवायच्या ते छापलेले असते, साधारण ३० अंशांच्या वर नको असे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ च्या वर जातो. अशा दिवसांत नांदेडहून इकडे निघालेल्या गाडीच्या टपावर वा बंद डिकीत ते पार्सल किती तास तापले असेल, याचा विचार करा. डबीचे झाकण उघडे किंवा डबी फुटलेली असेल तर त्या पट्ट्या वापरूच नयेत. पट्टी चांगली दिसते पण चुकीचा आकडा देते.

इन्सुलिनला तर २ ते ८ अंशांचा थंडावा लागतो. सोबतची बर्फाची पिशवी वितळून कोमट झालेली असेल, किंवा उलट इन्सुलिन गोठलेले असेल, तर दोन्ही वेळा ते परत करावे. गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले म्हणून चांगले होत नाही. बिघडलेले इन्सुलिन पुष्कळदा डोळ्यांना ओळखूही येत नाही, साखर वाढू लागते तेव्हा कळते. माझे स्पष्ट मत असे की थंड ठेवण्याची औषधे गावातल्या मेडिकलमधून, फ्रीजमधून काढून देताना पाहूनच घ्यावीत. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

पाऱ्याचे थर्मामीटर फुटून आले तर गोळ्या हाताने गोळा करू नका. मुलांना खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद ठेवा. झाडू मारू नये, त्याने गोळ्या आणखी बारीक होऊन पसरतात. जाड कागदाच्या कडेने ढकलून काचेच्या बाटलीत थोड्या पाण्यात भराव्यात आणि झाकण घट्ट लावावे. फुगलेल्या बॅटरीचे पार्सल आले तर ती चार्जिंगला लावून पाहण्याचा मोह टाळावा, ती पेट घेते. काच लागली तर जखम वाहत्या पाण्याने धुवून धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी यावे.

आता कायद्याकडे वळू. मी काही वकील नाही, पण गुरुजींच्या प्रकरणात हे सारे वाचावे लागले.

ग्राहक चळवळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली, त्यानंतर बारा वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ रोजी देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच आठवड्यात ऑनलाइन विक्रीसाठी वेगळे नियमही निघाले. आपल्या कामाचे ते हे नियम.

त्यांतली मुख्य गोष्ट अशी : वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल किंवा ठरलेल्या वेळेनंतर आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. संकेतस्थळ म्हणजे आठवडी बाजाराची जागा धरली तर विक्रेता हा तिथे पाल ठोकून बसलेला दुकानदार. या दुकानदाराचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक गिऱ्हाइकाला दाखविणे संकेतस्थळावर बंधनकारक आहे. प्रत्येक संकेतस्थळाने तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे आणि त्याचे नाव व संपर्क जाहीर केला पाहिजे. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्याच्या आत तिचा निकाल लावायचा. तक्रारीला क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेवावा.

गुरुजींच्या मुलाने तक्रार केली तेव्हा पलीकडून छापील उत्तर आले की परत करण्याची दहा दिवसांची मुदत संपली आहे. बहुतेक लोक इथे हात टेकतात. पण ही दहा दिवसांची मुदत म्हणजे कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी आखलेली रेघ. सदोष मालाबद्दल ग्राहक आयोगात तक्रार करायला कायद्याने दोन वर्षांची मुदत दिली आहे. मुलाने नियमाचा हवाला देऊन तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिले, शिवाय १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविली. या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. फोनवाले न्यायनिवाडा करीत नाहीत, तक्रार कंपनीकडे पोचवून पाठपुरावा करतात, पण पुष्कळ भांडणे तेवढ्यावरच मिटतात. इथेही मिटले. सुमारे तीन आठवड्यांनी पूर्ण पैसे परत आले.

आणि इथेच आमची दुसरी चूक झाली. पैसे परत देण्यापूर्वी कंपनीचा माणूस आला आणि यंत्र घेऊन गेला. यंत्राची किंमत दोन हजारांच्या आत. मोडलेल्या मनगटाचा खर्च, प्लास्टर, नांदेडच्या फेऱ्या आणि सहा आठवडे उजव्या हाताने घासही न घेता येणे, याचा हिशेब त्यापुढे कितीतरी मोठा. नव्या कायद्यात सदोष वस्तूमुळे शरीराला इजा झाली तर उत्पादकाकडून आणि काही परिस्थितीत विक्रेत्याकडूनही भरपाई मागण्याची वेगळी तरतूद आहे. पण दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग ती वस्तू मागवून, मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवितो. वस्तूच हातात नाही तर पाठविणार काय? खोके बंबात गेलेले, यंत्र परत गेलेले. माझ्या कागदावर लिहिलेले तीन वेळचे आकडे तेवढे उरले. मुलाने दोन वकिलांना विचारले, दोघांनीही मान हलविली.

म्हणून हे लक्षात ठेवा. नुसते नुकसान झाले असेल तर वस्तू परत करून पैसे घ्यावेत. पण त्या वस्तूमुळे कोणाला इजा झाली असेल, तर सल्ला घेतल्याखेरीज ती हातची सोडू नये. तिचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत, खोके, आतला कागद, बिल आणि वरची चिठ्ठी जपून ठेवावी, आणि डॉक्टरांकडून तारखेनिशी लिहून घ्यावे की काय इजा झाली आणि यंत्राने काय दाखविले. असे लिहून देणे हे आम्हा डॉक्टरांचेही काम आहे. पुष्कळ जण कोर्टाच्या भीतीने टाळतात, टाळू नये.

पार्सल फोडतानाच मोबाइलवर चित्रण केले तर पुढचे बरेच सोपे जाते. कायद्याने ते सक्तीचे नाही, पण "आम्ही चांगलेच पाठविले होते" या वाक्याला तेच उत्तर असते. खोके चेपलेले दिसले तर आणणाऱ्या पोराशी वाद घालू नका, तो बिचारा रोजंदारीवर असतो. शक्य असेल तर घेऊच नका, घ्यावे लागलेच तर त्याच्यासमोर फोटो काढा.

हेल्पलाइनने काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपला नांदेडला. जुन्या कायद्यात बेंगळुरूच्या किंवा दिल्लीच्या कंपनीविरुद्ध तक्रार कुठे करायची यावरच घोळ व्हायचा. आता तक्रारदार जिथे राहतो वा काम करतो, तिथल्या आयोगात ती करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते, त्यासाठीची ई-जागृती ही सरकारी व्यवस्था जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. बिल मुलाच्या नावावर आणि वापर वडिलांचा, तर हक्क कोणाचा, असे गुरुजींनी मला विचारले होते. खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच ठरतो. धंद्यासाठी वा पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाला मात्र हे लागू नाही. स्वतःच्या पोटापाण्याच्या उद्योगासाठी घेतलेल्या वस्तूला त्यातून सूट आहे. तारखांमागे तारखा पडतात ही लोकांची तक्रार खोटी नाही. कायद्यात तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असे म्हटले आहे. त्या मुदतीत निकाल लागेलच असे धरून बसू नये.

एका व्यक्तीचे भांडण वेगळे आणि हजारो घरांत गेलेला धोका वेगळा. त्यासाठी २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. घरगुती प्रेशर कुकरला २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक असताना तसे नसलेले कुकर आपल्या संकेतस्थळावर विकू दिल्याबद्दल या प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांना प्रत्येकी एक लाख रुपये दंड केला आणि अनुक्रमे २२६५ व ५९८ ग्राहकांचे कुकर परत घेऊन पैसे देण्यास सांगितले. वाद पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेला. दंड एवढ्या मोठ्या कंपन्यांना किरकोळच. पण कुकर उडून तोंड-छाती भाजलेली बाई ज्याने पाहिली आहे, त्याला त्या चिन्हाचे मोल सांगावे लागत नाही. (भाजल्यावर वीस मिनिटे वाहते साधे पाणी. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फ नको.)

औषधांच्या बाबतीत आपल्या राज्याने लवकर पाऊल उचलले होते. २०१५ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकता येणारी औषधे विक्रीस ठेवल्यावरून स्नॅपडीलविरुद्ध गुन्हा नोंदविला. आता रक्तदाबाचे यंत्र, साखरेचे यंत्र, नेब्युलायझर, डिजिटल थर्मामीटर ही उपकरणेही औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. खोक्यावर उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक छापलेला नसेल तर ते यंत्र कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

आणखी एक सावधगिरी, जी मला हाड मोडण्याहून मोठी वाटते. फुटकी वस्तू आली की लोक मोबाइलवर त्या कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक शोधतात. तिथे भामट्यांनी आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. फोन उचलणारा गोड बोलतो, पैसे परत पाठवितो म्हणून एखादे ॲप उतरवायला लावतो, मोबाइलवर आलेला आकडा विचारतो, आणि खाते रिकामे होते. आमच्याच गल्लीत आठशे रुपयांच्या मिक्सरच्या भांड्यापायी एका बाईंचे बचत गटाचे अठरा हजार गेले. त्या रात्री त्यांचा रक्तदाब २००च्या पुढे होता आणि त्या वेळी यंत्र खरे बोलत होते. क्रमांक घ्यायचा तो ज्या ॲपवरून खरेदी केली त्याच ॲपमधून. पैसे परत मिळण्यासाठी आपल्याला कधीही पिन किंवा ओटीपी द्यावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त.

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणले. तेव्हा आम्ही नव्याने डॉक्टर झालेली पोरे होतो आणि फार चिडलो होतो. डॉक्टर काय दुकानदार आहे, असे तावातावाने बोलायचो. आज गुरुजींनी मला आयोगात खेचले असते तर त्या "काही हरकत नाही"चे काय उत्तर दिले असते, कोण जाणे. त्यांनी ते केले नाही. उलट प्लास्टर निघाल्यावर पेढे घेऊन आले, तेव्हा मला जास्तच लाजल्यासारखे झाले.

त्या दिवसापासून दवाखान्यात एक पाटी लावली आहे : घरचे यंत्र वर्षातून दोनदा आणून तपासून घ्यावे, फी नाही. नव्या यंत्राने पहिल्याच दिवशी यावे. पाच मिनिटे शांत बसवून, एकाच दंडावर आलटून पालटून दोन्ही यंत्रे लावतो. पाचपर्यंत फरक असेल तर चालते, दहाच्या वर गेला की परत पाठवायला सांगतो. आतापर्यंत एकवीस यंत्रे आली, त्यांतली चार परत गेली. चारांपैकी तिघांचे खोके घरी शाबूत होते.

गुरुजींच्या मुलाने या वेळी नांदेडच्या दुकानातून यंत्र घेतले आणि सुट्टीत स्वतः वडिलांना घेऊन आला. माझ्या यंत्रावर १३४/८०, त्यांच्यावर १३८/८२. गोळी पूर्वीचीच, एक.